नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. कॉम्प्युटर सायन्समध्ये खरोखर अवघड अशा गोष्टी दोनच, आणि त्यातली एक म्हणजे नाव ठेवणं. दुसरी कुठली ते या लेखापुरतं सोडून देऊ. परवा शुक्रवारी ऑफिसात एका नव्या सर्व्हिसला काय नाव द्यायचं यावर आम्ही नऊ जण दीड तास भांडलो. अर्ध्या लोकांना ग्रहांची नावं हवी होती, अर्ध्यांना पक्ष्यांची. शेवटी 'सोमवारी बघू' असं ठरलं. मराठीत बरं आहे, एका अनुस्वाराच्या फरकानं नाव ठेवण्याचं नावं ठेवणं होतं, आणि आमच्या मीटिंगमध्ये दुसरंच जास्त झालं.

घरी आलो आणि फ्रिजवर चुंबकानं लावलेल्या कागदाकडे लक्ष गेलं. त्यावर चार ओळी आहेत. चार रेडिओ चॅनेल, त्यांची नावं, कुणी कधी वापरायचं. बास. आलेगेले पाहुणे विचारतात हे काय, आणि मी दरवेळी 'मोठी गोष्ट आहे, सांगतो कधीतरी' म्हणून टाळतो. आज शनिवार आहे, बाहेर ऊन आहे, कन्या पोहायला गेली आहे. सांगून टाकतो.

२०२० चा ऑगस्ट. आम्ही सॅन होझेच्या पूर्वेकडच्या टेकड्यांच्या पायथ्याशी राहतो. आई त्या जानेवारीत आमच्याकडे आली होती आणि मार्चमध्ये विमानं बंद झाल्यामुळे अडकली होती. नंतर वंदे भारतची विमानं सुरू झाली, पण सत्तरी ओलांडलेल्या आईला त्या दिवसांत एवढ्या लांबच्या प्रवासाला एकटं पाठवायचा धीर होत नव्हता. तर १६ ऑगस्टच्या रविवारी पहाटे इथे विजा पडल्या. पाऊस जवळजवळ नाहीच, नुसत्या विजा. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा चमकतात तेव्हा गच्चीवरचे पापड आणायला पळतात. इथे कोरड्या गवतावर विजा पडल्या आणि बे एरियाच्या सगळ्या बाजूंनी डोंगर पेटले.

त्या आगींची नावं बघा. एससीयू, सीझेडयू, एलएनयू. ही राज्याच्या अग्निशमन खात्याच्या, म्हणजे कॅल फायरच्या, विभागांची तीन अक्षरी नावं आहेत. आमच्या बाजूची एससीयू म्हणजे सांता क्लारा युनिट. समुद्राच्या बाजूची सीझेडयू म्हणजे सॅन मटेओ-सांता क्रूझ. विजांनी एकाच विभागात इतक्या ठिकाणी आगी लावल्या की एकेकीला वेगळं नाव देऊन चालेना, म्हणून सगळ्यांची मोट बांधून विभागाच्या नावानं 'लाइटनिंग कॉम्प्लेक्स' केलं. शेवटी एससीयूमध्ये सुमारे ३ लाख ९६ हजार एकर जळालं. सीझेडयूमध्ये त्या मानानं कमी, साधारण ८६ हजार एकर, पण तिथे वस्ती होती. जवळजवळ दीड हजार इमारती गेल्या आणि एक माणूस दगावला.

हे सगळं आज माहीत आहे. तेव्हा माहीत होतं ते इतकंच, की मागच्या टेकडीवर रात्री नारिंगी उजेड दिसतोय आणि गाडीवर राख पडतेय.

मी इंजिनियर माणूस. काळजी वाटली की मला डेटा लागतो. फोनवर एक ॲप घेतलं ज्यात अग्निशमन दलाचं रेडिओवरचं बोलणं थेट ऐकता येतं. कुणीतरी हौशी माणूस घरी स्कॅनर लावतो आणि त्याचा आवाज इंटरनेटवर सोडतो. १८ ऑगस्टच्या रात्री घरातले सगळे झोपल्यावर मी कानात बोंडकी घालून बसलो. पहिला तासभर एक शब्द कळला नाही. मग हळूहळू कान तयार झाला. कोण कुणाला बोलावतंय, कुठलं इंजिन कुठे चाललंय, जरा जरा कळायला लागलं. आणि कळायला लागलं की माणसाला वाटतं, सगळंच कळतंय.

रात्री दोनच्या सुमाराला एक घाईघाईतला आवाज म्हणाला, अमुक रस्त्यावरची सगळी घरं रिकामी करा, आग रस्ता ओलांडतेय. रस्त्याचं नाव ओकवरून होतं. आमच्या मागच्या रस्त्याचंही तेच नाव.

पुढचं थोडक्यात सांगतो. बायकोला उठवलं, पाच वर्षांच्या पोरीला तशीच उचलून गाडीत टाकली, पासपोर्टची पिशवी, औषधं, लॅपटॉप. आई देव्हाऱ्यातले देव रुमालात बांधून घेत होती आणि मी 'आई, चल, चल' करत ओरडत होतो. मी ओरडलो म्हणून ती घाईनं निघाली, आणि पोर्चच्या पायरीवर अंधारात तिचा पाय चुकला. देव सांभाळायला गेली आणि उजव्या हातावर पडली.

आग आमच्याकडे आलीच नव्हती. आमचा रस्ता शांत झोपला होता. शेजारी एकाही घरात दिवा नव्हता. काउंटीचा कुठलाही इशारा फोनवर आलेला नव्हता, आणि हे मी आधी बघायला हवं होतं. तो आवाज होता सांता क्रूझच्या डोंगरातला, सीझेडयूच्या आगीवरचा. ॲपवर जी वाहिनी मी लावली होती तिच्यात दोन काउंट्यांचे बरेच चॅनेल एकत्र कालवलेले होते. स्कॅनर एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत होता. चॅनेलचं नाव पडद्यावर येत नव्हतं, आणि मलाही ते बघायला हवं असं सुचलं नाही. ओक हे नाव कॅलिफोर्नियात म्हणजे आपल्याकडचा महात्मा गांधी रोड. प्रत्येक गावात एक असतोच. 'एमजी रोडला आग लागली' असं कुणी म्हटलं तर पहिला प्रश्न काय विचाराल? कुठल्या गावाच्या? तेवढा एक प्रश्न मी विचारला नाही.

आईचं मनगट मोडलं होतं. कोविडचे दिवस. इस्पितळात सोबत कुणाला आत सोडत नव्हते. आई, जिला इंग्रजी म्हणजे 'थँक यू' आणि 'नो स्पायसी', ती चाकाच्या खुर्चीतून एकटी आत गेली, आणि मी पार्किंगमध्ये गाडीत बसून नर्सच्या फोनवरून तिच्याशी मराठीत बोलत होतो. 'दुखतंय का विचारताहेत', 'दहापैकी किती विचारताहेत'. आई म्हणाली, 'दहापैकी कसं सांगायचं रे? दुखतंय ते दुखतंय.' सकाळी सहाला प्लास्टर घालून बाहेर आली. मला म्हणाली, 'देव गाडीतच आहेत ना?'

या गोष्टीचा मला इतके दिवस राग येत होता तो स्वतःचा. पण इंजिनियरला नुसता राग येऊन भागत नाही. बग कुठे होता, हे शोधल्याशिवाय झोप लागत नाही.

सोलापूरला माझा मामा असतो. पोलीस बिनतारी खात्यात आयुष्य काढलं, नव्वदच्या दशकात निवृत्त झाला. लहानपणी आम्ही त्याला चिडवायचो, कारण तो जेवतानासुद्धा वाक्याच्या शेवटी 'ओव्हर' म्हणेल असं वाटायचं. त्याला बहिणीचा हात मोडल्याचं फोनवर सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'स्टेशन कुठलं ते न विचारता मेसेज घेतलास? आमच्यात पोरगा पहिल्या आठवड्यात शिकतो. आधी कोण, कुणाला, कुठून. मग काय.'

आणि गंमत बघा. समोरच्या घरात एक बाई राहतात, इथल्याच. आयुष्यभर अग्निशमन दलाच्या डिस्पॅचर होत्या. त्यांना अंगणात सहा फुटांवरून ही कहाणी सांगितली तर त्याही जवळजवळ हेच म्हणाल्या. 'तू काय ऐकलंस ते नंतर. कुठल्या चॅनेलवर ऐकलंस?' मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, 'मग तू काहीच ऐकलं नाहीस.'

त्या पुढे महिनाभर संध्याकाळी कुंपणापलीकडून शिकवत होत्या. त्यातलं मला समजलं ते असं.

मोठ्या आगीवर सगळे एकाच चॅनेलवर बोलत नाहीत. बोलूच शकत नाहीत, कारण रेडिओवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. म्हणून कामं वाटलेली असतात. डिस्पॅचचा चॅनेल वेगळा, गाड्या बोलावायला. कमांडचा वेगळा, वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आपसात बोलायला. आणि टॅक्टिकल, म्हणजे तोंडी भाषेत 'टॅक', हा प्रत्यक्ष पाण्याचा पाइप धरणाऱ्यांसाठी. विमानांचे आणखी निराळे. कमांडचा आवाज डोंगरमाथ्यावरच्या रिपीटरवरून जातो. रिपीटर तो ऐकतो आणि जोरात परत ओरडतो, त्यामुळे चाळीस मैलांवर ऐकू येतो. टॅकचा आवाज सहसा रिपीटरशिवाय, थेट या हातातून त्या हातात. जवळच्यांनाच ऐकू येतो, आणि तेच हवं असतं. दोन डोंगर पलीकडच्या तुकडीला तुमच्या पाइपशी काय देणंघेणं?

कॅल फायरची माणसं रेडिओवर 'कमांड दोन, टोन पाच' असं म्हणतात. मला वाटायचं हे काहीतरी गुप्त. तर टोन म्हणजे आवाजाच्या खाली दडवलेला एक बारीक सूर. कानाला जाणवत नाही, यंत्राला जाणवतो. एकाच चॅनेलचे रिपीटर अनेक डोंगरांवर असतात, आणि टोन पाच म्हटलं की पाच नंबरच्या सुराला ओ देणाराच जागा होतो. म्हणजे 'कमांड दोन' हे आडनाव आणि 'टोन पाच' हे गाव. दोन्ही मिळून पत्ता पूर्ण. मी ऐकला होता तो मेसेज अर्ध्या पत्त्याचासुद्धा नव्हता.

ही शिस्त अशीच आलेली नाही. १९७० च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात १३ दिवसांत १६ माणसं गेली, ७०० इमारती जळाल्या, पाच लाख एकरांच्या वर राख झाली. मदतीला डझनावारी खाती धावली, पण एकाची परिभाषा दुसऱ्याला कळेना, एकाचा रेडिओ दुसऱ्याशी बोलेना. त्यातून फायरस्कोप नावाचा प्रकल्प निघाला, आणि त्यातून 'इन्सिडेंट कमांड सिस्टिम', जी आज सगळ्या अमेरिकेत वापरतात. तिच्यात एक फॉर्म आहे, नंबर २०५. एका पानाचा तक्ता. कुठलं काम, चॅनेलचं नाव, कुणासाठी, ऐकायची फ्रिक्वेन्सी आणि टोन, बोलायची फ्रिक्वेन्सी आणि टोन. दर पाळीला नवा छापतात आणि सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांच्या हातात देतात. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला भरूनच आलं. अहो, ही आमची कॉन्फिग फाइल! फरक एवढाच, की आमची चुकली तर पान उघडत नाही.

आता नावांची गोष्ट. कॅलिफोर्नियाच्या अग्निशमन दलांकडे परस्परांच्या मदतीसाठी एक चॅनेल फार वर्षांपासून आहे, त्याचं नाव 'व्हाइट वन'. १५४.२८ मेगाहर्ट्झ. शेजारच्या राज्यातही हीच फ्रिक्वेन्सी याच कामासाठी, पण तिथे नाव दुसरं असू शकतं. म्हणजे दोन तुकड्या एकाच आगीवर, दोघींच्या रेडिओत तोच चॅनेल हजर, आणि एक म्हणते 'व्हाइट वनवर या' आणि दुसरी म्हणते 'आमच्याकडे नाही'. रेडिओ सुसंगत आणि माणसं विसंगत. मला हे वाचून ऑफिसातले ते दोन डेटाबेस आठवले, ज्यात एकच ग्राहक एकीकडे 'कस्टमर आयडी' आणि दुसरीकडे 'अकाउंट नंबर' म्हणून राहतो आणि दोन्ही टीम शपथेवर सांगतात की दुसऱ्याकडे तो नाहीच.

यावर २०१० साली अमेरिकेत एक राष्ट्रीय मानक निघालं. एपको ही १९३५ पासूनची सार्वजनिक सुरक्षेच्या संदेशवहनवाल्यांची संघटना, आणि एनपीएसटीसी नावाची दुसरी एक परिषद, या दोघांनी मिळून केलेलं. विषय एकच, सामायिक चॅनेलना काय म्हणायचं. अट अशी, की नाव आठ रोमन अक्षरांत बसलं पाहिजे, कारण अनेक रेडिओंच्या चिमुकल्या पडद्यावर तेवढंच मावतं. डॉसच्या काळात ज्यांनी फाइलींना आठ अक्षरी नावं दिली असतील त्यांचे डोळे इथे पाणावतील.

आठ अक्षरांत त्यांनी काय काय बसवलंय बघा. पहिलं अक्षर बँडचं. व्ही म्हणजे १५० मेगाहर्ट्झच्या आसपास, यू म्हणजे ४५० च्या आसपास, ७ आणि ८ म्हणजे ७०० आणि ८००. मग काम: कॉल, टॅक, फायर, मेड, लॉ. मग एक आकडा. आणि शेवटी डी असेल तर 'डायरेक्ट', म्हणजे रिपीटरला वगळून थेट. त्यामुळे 'व्हीकॉल१०' म्हटलं की कळतं, परगावच्या माणसानं पहिली हाक मारायची ती जागा. तिथे हाक मारायची, उत्तर आलं की 'व्हीटॅक११ वर जा' असं सांगतात, आणि कॉलचा चॅनेल पुढच्यासाठी मोकळा. आपला व्हाइट वन झाला 'व्हीफायर२१'. डी लावला तर बरोबर आठ अक्षरं.

सगळ्यात मला आवडली ती आकड्यांची युक्ती. दहा, वीस, तीसमधले आकडे व्ही बँडचे. चाळीसचे यूचे. पन्नासपासून पुढे ७०० चे. नव्वदचे ८०० चे. म्हणजे खरखरीत पहिलं अक्षर ऐकू आलं नाही, नुसतं 'टॅक ब्याण्णव' कानावर पडलं, तरी कुठला बँड ते कळतं. ज्यानं हे ठरवलं त्यानं कधीतरी गोंगाटात उभं राहून ऐकलं असणार. ऑफिसच्या एसीत बसून हे सुचत नाही. आम्हाला तर नाहीच सुचत.

दहाच्या आकड्यांचीही एक गोष्ट आहे. 'टेन-फोर' सिनेमात ऐकलं असेल. हे टेन-कोड १९३७ च्या सुमाराला इलिनॉयच्या राज्य पोलिसांच्या चार्ल्स हॉपर यांनी काढले. सुरुवातीला 'टेन' का? तर तेव्हाच्या रेडिओचं बटण दाबल्यावर आतलं यंत्र वेग घ्यायला क्षणभर लावायचं आणि पहिला शब्द गिळला जायचा. म्हणून पहिला शब्द बिनकामाचा ठेवला. गिळला तर गिळला! कल्पना झकास. पण मग प्रत्येक शहरानं आपापले अर्थ लावले. एपकोच्या यादीत टेन-थर्टीन म्हणजे हवामान आणि रस्त्याची स्थिती. न्यूयॉर्कच्या पोलिसांत टेन-थर्टीन म्हणजे पोलीस संकटात आहे, धावा. एकजण मदतीसाठी ओरडतोय आणि दुसरा म्हणतोय, हो, जरा ढगाळ आहे. २००५ च्या कतरिना वादळानंतर केंद्र सरकारनं सांगितलं, की अनेक खाती एकत्र येतील अशा घटनेत २००६ पासून साध्या भाषेत बोला, नाहीतर तयारीसाठीचं अनुदान विसरा. पैशाची भाषा मात्र सगळ्यांना एकच कळते.

११ सप्टेंबर २००१ बद्दल मात्र हलकं लिहिता येत नाही. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर अग्निशमन दलासाठी एक रिपीटर बसवला होता. उंच इमारतीत हातातल्या रेडिओचा आवाज वर पोचत नाही, म्हणून. चॅनेल सात. नंतरच्या चौकशी आयोगानं लिहिलेलं मी दोनदा वाचलं. तो चालू करायला दोन बटणं होती. एक रिपीटर चालू करायचं, दुसरं तिथल्या मुख्य हँडसेटचं. त्या सकाळी उत्तर मनोऱ्याच्या लॉबीत पहिलं दाबलं गेलं, दुसरं नाही. अधिकाऱ्यानं मुख्य हँडसेटवरून बोलून पाहिलं, काही ऐकू आलं नाही, आणि निष्कर्ष निघाला, रिपीटर बंद आहे. तो बंद नव्हता. दक्षिण मनोऱ्यात बटालियन चीफ ओरिओ पामर त्याच चॅनेल सातवरून बोलत होते, आणि ते ७८ व्या मजल्यापर्यंत पोचले होते.

९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा कोसळला. उत्तर मनोऱ्यातल्यांना 'खाली या' असा हुकूम टॅक्टिकल चॅनेलवर लगेच दिला गेला. काहींनी ऐकला आणि ते निघाले. काहींना तो पोचलाच नाही. वर आवाज नीट जात नव्हता, एकाच चॅनेलवर गर्दी होती, काही जण दुसऱ्याच चॅनेलवर होते, आणि सुट्टीवरून धावत आलेल्या काहींकडे रेडिओच नव्हता. पोलिसांचं हेलिकॉप्टर वरून सांगत होतं की हा मनोरा फार टिकणार नाही, पण ते पोलिसांच्या रेडिओवर. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना ते ऐकायची सोय नव्हती. १० वाजून २८ मिनिटांनी तोही पडला. त्या दिवशी दलाचे ३४३ लोक गेले.

दोन बटणांमुळे ३४३ माणसं गेली असं मी म्हणत नाही, आयोगही म्हणत नाही. कारणं अनेक होती, आणि सगळ्यांनी सगळं ऐकलं असतं तरी वेळ थोडाच होता. पण यंत्र चालू असताना ते बंद आहे असं शहाण्या, अनुभवी माणसांना वाटावं, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आम्ही दिवसभर पडद्यांवर बटणं काढतो. कोणतं बटण कशासाठी, शेजारी काय लिहायचं, यावर दहा मिनिटं घालवली की वरून विचारतात, एवढा वेळ का?

हे सगळं वाचून मी शहाणा झालो असेन असं तुम्हाला वाटेल. थांबा.

आईचं प्लास्टर निघालं, वर्षअखेरीला ती सोलापूरला परत गेली. मी 'सर्ट'चं प्रशिक्षण घेतलं. ही १९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलानं सुरू केलेली कल्पना: मोठ्या आपत्तीत दल यायला वेळ लागतो, तोवर गल्लीतल्या लोकांनी काय करायचं ते शिकवायचं. आमच्या गल्लीचा रेडिओ-प्रमुख अर्थातच मी. दुकानात मिळतात ते बिनापरवान्याचे साधे वॉकीटॉकी, २२ चॅनेलचे. मी मोठ्या हौसेनं एक्सेलमध्ये तक्ता केला, रंग भरले, सगळ्यांना पाठवला. २०२२ मध्ये सराव झाला. खोटा भूकंप, खोटे जखमी. शाळकरी पोरं टोमॅटो केचप लावून अंगणात कण्हत पडलेली.

मी रेडिओवर म्हटलं, 'सगळ्या टीम तीन नंबरवर या.' माझ्या मनात माझ्या तक्त्याची तिसरी ओळ. त्या ओळीत चॅनेल होता अकरा. मी अकरावर जाऊन बसलो. बाकी सगळ्यांनी, अगदी बरोबर, यंत्रावर तीन हा आकडा लावला. वीस मिनिटं मी रिकाम्या हवेशी बोलत होतो आणि ते तिकडे माझी वाट बघत होते. सी शिकलेल्या वाचकांना चूक कळली असेल. मी किंमत सांगायच्या जागी इंडेक्स सांगितला. आणि हे करणारा कोण, तर सहा अंगणं सोडून सगळ्यांना व्हीटॅक आणि यूटॅक समजावून सांगणारा! केचपवाला एक पोरगा शेवटी उठून आला आणि म्हणाला, 'काका, मी मेलो का अजून?'

समोरच्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'बरं झालं. आज झालं.'

त्यानंतर तो रंगीत तक्ता मी फेकून दिला. नव्या कागदावर चारच ओळी. ओळींना नंबर नाहीत. प्रत्येक चॅनेलला नाव आहे आणि नाव कामाचं आहे: हाक, वरची गल्ली, खालची गल्ली, औषधपाणी. इंग्रजी कागदावर त्यांचीच इंग्रजी नावं. नावापुढे यंत्रावर लावायचा आकडा. तळाशी एक वाक्य: आकडा बोलू नका, नाव बोला. आणि वर, ठळक अक्षरात, मामाचं: आधी कोण, कुणाला, कुठून. मग काय.

या उन्हाळ्यात आई परत आली आहे. मनगट बरं आहे, पण पूर्ण वळत नाही. पोळी लाटताना ती लाटणं थोडं तिरपं धरते. पूर्वी धरत नव्हती. ती काही बोलत नाही, मीही नाही. आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं फ्रिजवरचा कागद चष्मा लावून वाचला. मराठीतला तिच्यासाठीच लावलाय. विचारलं, 'यातलं आपलं कुठलं?' मी म्हटलं, आपण वरची गल्ली. पण आधी 'हाक'वर बोलायचं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला आमची गल्ली रेडिओ तपासते. दर घरानं एकदा आपलं नाव सांगायचं, की झालं. मागच्या रविवारी मी आंघोळीत होतो. बाहेर आलो तर आई स्वयंपाकघरात वॉकीटॉकी तोंडाशी धरून उभी. आधी घराचा नंबर इंग्रजीत, एकेक आकडा सुटा. मग कुणाला ते. मग कुठून ते. मग 'ओव्हर'.

पलीकडून समोरच्या बाईंचा आवाज आला. त्यांनी घराचा नंबर परत म्हणून दाखवला.

सोमवारी त्या सर्व्हिसच्या नावाची मीटिंग आहे. मी पक्ष्यांच्याही बाजूनं नाही आणि ग्रहांच्याही. ती सर्व्हिस बिलं पाठवते. मी म्हणणार आहे, तिला 'बिलं पाठवणारी' म्हणा. लोक नावं ठेवतील. ठेवू देत.